डोकेदुखी आणि मनावरचा भार : सभासदांसाठी एक आरोग्यपाठ



ऊस, बेणे, खत, पाणी आणि उतारा यांवर आपण या पत्रिकेत नेहमीच बोलतो. या खेपेस ऊस पिकवणाऱ्या माणसाच्या डोक्याविषयी बोलायचे ठरवले आहे. कारण असे की, मागील दोन-तीन हंगामांत गट कार्यालयात, वजनकाट्यावर आणि सभेच्या मांडवात आम्ही एकच वाक्य वारंवार ऐकले : "काय सांगू भाऊ, डोकं सारखं दुखून राह्यलं." सांगणारा सांगतो, ऐकणारा "ऊन लागलं असेल" म्हणतो, आणि दोघेही खिशातली गोळी काढतात. गोष्ट तेथेच संपते. खरे तर ती तेथे सुरू व्हायला पाहिजे.

डोके दुखणे ही काही दुर्मीळ बाब नव्हे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने कर्नाटकातील शहरी व ग्रामीण भागात पाहणी केली होती. तीत वर्षभरात केव्हा ना केव्हा डोके दुखलेली माणसे शंभरात सुमारे ६४ निघाली. म्हणजे डोके दुखले की मोठा रोगच झाला असे समजण्याचे कारण नाही. परंतु महिनोन् महिने दुखणारे डोके काही तरी सांगत असते. ते काय सांगते, हे समजून घेण्यासाठी हा पाठ आहे.

एका सभासदाची हकीकत

आमच्या गटातील एका सभासदाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. नाव-गाव देत नाही. वय पंचेचाळीसच्या आतले. पेंचच्या कालव्यावर तीन एकर ऊस. एका हंगामात त्यांची तोड लांबली. शेजाऱ्याच्या फडात टोळी आली, यांच्या बांधापर्यंत पोचायला आणखी तीन आठवडे गेले. उसाला तुरा आला, रात्री रानडुकरे शिरू लागली. दिवसा चिटबॉयच्या मागे आणि रात्री फडाच्या राखणीला, असे त्यांचे चक्र चालले. त्याच सुमारास डोके दुखू लागले. दुपारनंतर मानेपासून सुरुवात व्हायची आणि संध्याकाळपर्यंत कपाळाभोवती दोरी आवळल्यासारखे वाटायचे.

किराणा दुकानातून गोळ्या आणल्या. आधी आठवड्याला दोन, मग रोज एक, पुढे रोज दोन. मग चष्मा बदलला. मग नागपूरला जाऊन डोक्याचा फोटो काढला, त्यात बरेच पैसे गेले. रिपोर्ट चांगला आला. एका दवाखान्यात त्यांना ऐकवले, "तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत." ते आम्हाला म्हणाले, "रिपोर्ट चांगला, तर मंग दुखते काहून? मी काय ढोंग करून राह्यलो का?"

ऊस गेला, बिलही जमा झाले, तरी डोके थांबले नाही. शेवटी एका वयस्क डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि फोटो बाजूला ठेवून चार प्रश्न विचारले. झोप कशी आहे? गोळ्या किती खाता? घरात काय चालले आहे? मनात काय घोळते? चौथ्या प्रश्नाला ते गप्प झाले. मुलीच्या लग्नाकरिता एका खासगी माणसाकडून घेतलेले हातउसने त्यांनी दोन वर्षे घरात सांगितले नव्हते. व्याज चढत होते. बायकोला माहीत नव्हते, भावालाही नव्हते. माहीत होते ते फक्त त्यांच्या डोक्याला.

दुखणे खरे असते

येथे पहिला मुद्दा पक्का करू. ताणामुळे होणारी डोकेदुखी खोटी नसते. तिला डॉक्टरी भाषेत तणावजन्य डोकेदुखी म्हणतात आणि जगभर सर्वांत जास्त आढळणारी डोकेदुखी हीच आहे. ती कशी होते ते पाहू.

चिंता लागली की शरीर भांडणाच्या तयारीत उभे राहते. खांदे वर चढतात, जबडा आवळतो, कपाळाला आठ्या पडतात. जनावर अंगावर आले तर ही तयारी उपयोगी असते. दोन मिनिटांत प्रसंग संपतो आणि अंग सैल होते. परंतु कर्ज, लांबलेली तोड, मुलाची नोकरी हे प्रसंग दोन मिनिटांत संपत नाहीत. मान, खांदे, कानशिले व जबडा यांचे स्नायू तासन् तास आवळलेले राहतात. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर हात दुखेल, तसेच येथे होते. माणसाला मात्र आपण आवळून बसलो आहोत हे कळतही नाही.

दुसरी गोष्ट मज्जातंतूंची. दुखणे महिनोन् महिने चालू राहिले तर वेदना वाहून नेणाऱ्या वाटाच हळव्या होतात. चटका बसलेल्या कातडीला कोमट पाणीही झोंबते, त्याप्रमाणे साधा आवाज, थोडी उन्हाची तिरीप किंवा एखादा फोनसुद्धा डोके उठवायला पुरेसा होतो. म्हणूनच ताणाचे मूळ कारण गेल्यावरही डोके काही काळ दुखतच राहते. वरील सभासदाचे बिल जमा होऊनही दुखणे थांबले नाही, त्याचे एक कारण हे.

तिसरी गोष्ट झोपेची. चिंतेने झोप मोडते, मोडलेल्या झोपेने वेदना सहन करण्याची ताकद घटते, डोके दुखते म्हणून पुन्हा झोप लागत नाही. त्यात आपल्याकडे मोटारीसाठी थ्री-फेज वीज कित्येकदा रात्रीच्या पाळीत मिळते. बारा वाजता उठून पाणी द्यायचे आणि पहाटे गोठ्यात जायचे, मग डोक्याला विसावा कधी?

हे सारे फोटोत दिसत नाही. मोटार कमी व्होल्टेजवर चालली की गुणगुणते व तापते. ती खोलून पाहिली तर वायंडिंग शाबूत दिसते. म्हणून ती तापली नाही असे कोणी म्हणत नाही.

आपले डोके कोणत्या जातीचे?

सर्व डोकेदुखी एका जातीची नसते. साधारण ओळख अशी :

१. तणावजन्य डोकेदुखी. दोन्ही बाजूंनी, पट्टा किंवा दोरी आवळल्यागत, दाब आल्यागत दुखते. ठणका नसतो. चालल्याने, काम केल्याने वाढत नाही. उलटी होत नाही. मान व खांदे सहसा आखडलेले असतात. महिन्यात १५ किंवा अधिक दिवस दुखणे तीन महिन्यांहून जास्त चालले, तर ती जुनाट झाली असे समजावे.

२. अर्धशिशी. बहुधा एका बाजूने, ठणके मारत दुखते. मळमळ, उलटी होते. उजेड व आवाज नकोसा वाटतो. उपचार न केल्यास ४ तासांपासून ३ दिवसांपर्यंत टिकते. बायकांत जास्त आढळते. ताणाने हीसुद्धा उठते. गंमत म्हणजे ताण उतरल्यावरही उठते. लग्न पार पडले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी माउली डोक्याला फडके बांधून अंधाऱ्या खोलीत पडली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ते नाटक नसते.

३. गोळ्यांची डोकेदुखी. हिच्याविषयी फार थोड्या लोकांना माहिती असते. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, अथवा दोन-तीन औषधे मिसळलेली गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त खाल्ली, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. गोळीचा असर उतरला की डोके दुखते, दुखले की पुन्हा गोळी. आपल्या सभासदाचे हेच झाले होते. शिवाय रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात जखम होते आणि मूत्रपिंडाला इजा पोचू शकते. उन्हात, उपाशीपोटी, पाणी कमी पिणाऱ्याला जास्तच.

४. उन्हाची व कमी पाण्याची डोकेदुखी. नागपूरचे ऊन काय असते ते आपल्याला कोणी सांगायला नको. २३ मे २०१३ रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. उन्हाळ्यात डोके दुखले तर प्रथम पाणी, मीठ-साखरेचे सरबत, सावली. त्याने उतरले तर चिंता नाही. अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर मात्र तो उष्माघात समजून तातडीने दवाखाना गाठावा.

५. फवारणीनंतरची डोकेदुखी. ही ताणाची समजून कदापि अंगावर काढू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणी केल्यावर डोके दुखणे, मळमळ, घाम, लाळ, अंधुक दिसणे, छाती दाटणे यांपैकी काहीही झाले तर काम थांबवून कपडे उतरवावेत, साबणाने अंग धुवावे आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखान्यात जावे.

एकाच माणसाला यांतील दोन-तीन जाती एकत्रही असू शकतात. म्हणून निदान डॉक्टरांनाच करू द्यावे.

केव्हा थांबू नये?

पुढील लक्षणे असल्यास ताण वगैरे विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा.

- एकाएकी, क्षणात टोकाला गेलेली, आयुष्यात कधी न झालेली अशी डोकेदुखी.
- डोकेदुखीसोबत ताप आणि मान ताठ होणे.
- हातपाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, दिसेनासे होणे, फिट येणे, शुद्ध हरपणे.
- बंडीवरून, ट्रॅक्टरवरून किंवा गाडीवरून पडल्यानंतर सुरू झालेली डोकेदुखी, मग ती काही दिवसांनी का असेना.
- पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली, किंवा दिवसेंदिवस वाढत जाणारी डोकेदुखी. खोकल्याने, वाकल्याने वाढणारी. पहाटे उलटीसह उठवणारी.
- गरोदर किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची जोराची डोकेदुखी.

सभासदांच्या काही शंका

*"बी.पी. वाढलं म्हणून डोकं दुखते ना?"* रक्तदाब फारच वाढला तर दुखू शकते. परंतु नेहमीच्या वाढलेल्या रक्तदाबाने बहुधा काहीच दुखत नाही. म्हणून दोन चुका होतात. डोके दुखले की बी.पी.ची गोळी घेणे ही एक, आणि डोके दुखत नाही म्हणून ती बंद करणे ही दुसरी. दोन्ही टाळाव्यात. रक्तदाब यंत्रावर मोजूनच कळतो.

*"डोक्यात गाठ तर नसेल?"* ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते आणि भीतीनेच दुखणे वाढते. वर दिलेली धोक्याची लक्षणे नसतील आणि डॉक्टरांनी तपासून निर्वाळा दिला असेल, तर दर तीन महिन्यांनी फोटो काढण्यात पैसा घालवू नये.

*"चहा घेतला की बरं वाटते, मंग खर्रा-चहा काय वाईट?"* रोज सहा-सात कप चहा घेणाऱ्याचा एक दिवस चहा चुकला की डोके दुखते, ही चहाची सवय बोलते. चहा हळूहळू दोन-तीन कपांवर आणावा, संध्याकाळनंतर घेऊ नये. खऱ्र्यातील तंबाखूने क्षणभर बरे वाटते, पण ती झोपेचा नाश करते. सुपारी तासन् तास चघळल्याने आधीच आवळलेला जबडा आणखी थकतो. तोंडाच्या कर्करोगाचे तर वेगळे सांगायला नको.

करायचे काय?

त्या वयस्क डॉक्टरांनी आपल्या सभासदाला जे करायला लावले, तेच आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

*पहिले : नोंद ठेवा.* आपण उसाची लागवडीची तारीख, खताच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवतो. तशीच एक वही डोक्याची करावी. तारीख, किती वाजता दुखले, कोणत्या बाजूने, आदल्या रात्री किती तास झोप, जेवण चुकले काय, गोळी घेतली काय, त्या दिवशी काय घडले. महिनाभरात आपले आपल्यालाच दिसू लागते. आपल्या सभासदाच्या वहीत निघाले की, व्याजवाल्याचा फोन येण्याच्या आसपास डोके हमखास दुखते.

*दुसरे : गोळ्या मोजा.* आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त वेदनाशामक गोळी लागत असेल तर डॉक्टरांना सांगावे. रोजची गोळी त्यांच्या सल्ल्यानेच बंद करावी. बंद केल्यावर आठ-दहा दिवस डोके जास्त दुखते, हे आधीच माहीत असावे, म्हणजे माणूस धीर सोडत नाही. काहींना डॉक्टर अमिट्रिप्टिलीनसारखे औषध रात्री थोड्या मात्रेत देतात. "ही तर मनाच्या रोगाची गोळी" म्हणून ती फेकू नये. ती वेदनेच्या हळव्या झालेल्या वाटा शांत करते. तिचा गुण यायला काही आठवडे लागतात.

*तिसरे : आवळलेले अंग सोडवा.* दिवसातून दोनदा, दहा मिनिटे. बाजेवर किंवा ओट्यावर बसावे. खांदे कानापर्यंत उचलून पाच आकडे धरावे आणि एकदम सोडावे. मुठी आवळाव्या, सोडाव्या. डोळे घट्ट मिटावे, सोडावे. दात एकमेकांवर न टेकवता जबडा सैल ठेवावा. मग चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर, असे पाच मिनिटे. मानेवर गरम पाण्याचे फडके ठेवावे. साधे दिसते, पण रोज केल्यास उपयोग होतो. कोणी म्हणेल, "दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कायचा?" राबताना अंग आवळलेले असते, येथे ते सोडायला शिकायचे आहे.

*चौथे : झोप आणि जेवण वेळेवर.* रात्रीच्या पाण्याची पाळी असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी ठरावीक वेळ झोप घ्यावी आणि घरच्यांनी ती मोडू नये. शक्य तेथे भाऊबंदांनी किंवा शेजाऱ्यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. उपाशीपोटी फडावर जाऊ नये. निजताना मोबाइल दूर ठेवावा.

*पाचवे : मनातले कोणाला तरी सांगा.* सर्वांत अवघड हेच. आपल्या सभासदाने घरी सांगितले त्या रात्री घरात रडारड झाली. पण दुसऱ्या दिवशी बायकोनेच भावाला बोलावले. भावाने सोसायटीच्या सचिवाला गाठले. कोणते देणे आधी, कोणते नंतर, याचा कागद तयार झाला. कर्ज एका दिवसात फिटले नाही, अजूनही पूर्ण फिटलेले नाही. परंतु ते एकट्याच्या डोक्यावरून चौघांच्या खांद्यावर आले. दीड-दोन महिन्यांनी रोज दुखणारे डोके आठवड्यातून एखाद्या वेळेवर आले. "पूर्ण थांबलं नाही, पण आता मी त्याले भेत नाही," असे ते सांगतात.

डोकेदुखीच्या मागे काय असू शकते

आमचा या लेखामागचा खरा हेतू आता सांगतो. आपल्या भागातला गडी "मला चिंता वाटते", "जगावंसं वाटत नाही" असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "डोकं दुखते, झोप लागत नाही, टेन्शन आहे." डोकेदुखीचे नाव घेऊन मनाचे दुखणेच कित्येकदा दवाखान्याची पायरी चढते. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवावे. डोकेदुखीसोबत दोन आठवड्यांहून जास्त काळ उदासपणा, कशातच रस नसणे, जेवण-झोप तुटणे, चिडचिड, लोकांना टाळणे, "माझा आता काय उपयोग" असे बोलणे, वाढलेली दारू, यांपैकी काही दिसले तर ते औदासीन्याचे लक्षण असू शकते. असे बोलणे कोणी केले तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये, आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत. स्पष्ट विचारल्याने कोणाच्या डोक्यात वाईट विचार भरत नाही. उलट माणूस मोकळा होतो.

मदत मिळाली तर फरक पडतो, याचा पुरावा आपल्या विदर्भातच आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गोव्याच्या संगाथ संस्थेचा त्यात पुढाकार होता. मोठमोठे डॉक्टर गावात नेऊन बसवले नाहीत. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर बोलते केले आणि गरज पडेल त्याला डॉक्टरांकडे पोचवले. २०१७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औदासीन्याने त्रस्त माणसांपैकी मदत घेणारे पूर्वी शंभरात जेमतेम ४ होते. दीड वर्षाने ते २७ झाले. जीव देण्याचा विचार मनात येऊन गेला असे सांगणारांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. गाव तेच, पाऊसपाणी तेच, शेतीही तीच होती. लोक बोलू लागले आणि त्यांना ऐकणारे मिळाले, एवढा फरक मोठा ठरला.

जायचे कोठे?

प्रथम आपले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. तेथून गरज पडल्यास नागपूरला मेडिकल, मेयो किंवा मिहानमधील एम्स. या ठिकाणी मेंदूविकाराचा वा मनोविकाराचा सल्ला मिळतो. प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. आमच्या सभासदाला तेथे जायला लाज वाटली होती. "पागलखाना चौकात कोणी पाहिलं तर गावभर होईन," असे ते म्हणाले. बंधूंनो, गुडघा दुखला तर हाडाच्या डॉक्टरकडे जाताना आपण तोंड लपवत नाही. मग येथे काहून लपवावे?

घरून बोलायचे असल्यास शासनाची 'टेली-मानस' सेवा आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक गट कार्यालयाच्या भिंतीवर आणि घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

शेवटी चिटबॉय बंधू, सोसायटीचे सचिव आणि गटातील जाणत्या मंडळींना एक विनंती. तोडीची तारीख विचारायला आलेला सभासद डोके धरून बसला असेल, तर त्याला तारीख खरी सांगा, लांबणार असेल तर लांबणार म्हणून सांगा. अर्धी चिंता न कळण्याचीच असते. आणि पाच मिनिटे त्याच्याजवळ बसून विचारा, "भाऊ, घरी सगळं बरं आहे ना?" गोळी देण्याआधी एवढे विचारले, तरी पुष्कळ झाले.